डब्याचे कान

टेलिफोन एक्सचेंजच्या खोलीत आता शेळ्या बांधतात.

दार कुणी नेलं माहीत नाही. खिडकीची जाळी उरलीय, ती पण अर्धी. आत लेंड्या, बाभळीच्या शेंगांचा वास, आणि भिंतीत भोकं, जिथं यंत्रांची कपाटं ठोकली होती. जिंतूर-चारठाणा रस्त्यावर आमच्या फाट्याला उतरलं की पहिली हीच खोली लागते. गावात इंटरनेटची काचेची तार, म्हणजे फायबर, येणार म्हणून मी परभणीहून आले होते. या तारेसाठी आमची संघटना भांडली. निवेदनं दिली, तहसीलसमोर बसलो, पत्रकं वाटली. पत्रकं मी लिहिते. ‘आमच्या वाटणीची तार कुठाय?’ हे माझंच. म्हणजे मी ताठ मानेनं गावात शिरायला हवं होतं. पण या खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि एप्रिलच्या त्या दुपारी अंगाला गार हवा लागली. लागली कसली, आठवली.

कारण ही खोली म्हणजे गावातली एकुलती एक थंड जागा होती. यंत्रांना ऊन सोसत नाही म्हणून सरकारनं तिथं कूलरपेक्षा भारी काहीतरी बसवलं होतं. माणसांना ऊन सोसतं, असं सरकारचं पहिल्यापासून मत आहे. आम्ही पोरी शाळा सुटली की दाराशी उभ्या राहायचो. दार किलकिलं झालं की आतून तो वास यायचा: बॅटरीच्या पाण्याचा, तापलेल्या धुळीचा, नव्या वायरींचा. आणि घूं असा एक आवाज, विहिरीत तोंड घालून ऐकल्यासारखा.

“आत जिन हाय,” लाइनमन गफूरमामा सांगायचे. “गावात जे जे बोलतेत ना, समदं त्याला ऐकू येतंय. तुमी आत्ता बोरं चोरलेलं बी.”

आम्ही पळायचो. पण ऐकणारं काहीतरी आत आहे, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं ते बसलं.

त्या खोलीतून निघालेली एक तार आमच्या अंगणातल्या लोखंडी खांबावर यायची आणि खिडकीच्या फटीतून घरात शिरायची. आमच्या घरात म्हणजे तिघीच. आई गावच्या शाळेत शिक्षिका, थोरली बहीण वैशाली, तिला मी अक्का म्हणायची, आणि मी. बाबा मला आठवत नाहीत. अक्का शिकली, नांदेडहून इंजिनियर झाली, आणि तिला हैदराबादेत नोकरी लागली. आमच्याकडच्या लोकांना हैदराबाद परकं नाही. आजोबांच्या बोलण्यात ते पुण्याच्या आधी यायचं. परकं होतं ते अक्काचं काम.

“वैशाली काय करती म्हणं तिकडं? मोबाईल दुरुस्ती?” शेजारची काकू विचारायची.

“चिपा करती,” आई सांगायची.

“बटाट्याच्या?”

आईनं मग स्वतःपुरतं एक उत्तर तयार केलं. जो विचारील त्याला ती शांतपणे सांगायची, “माझी लेक डब्याचे कान बनवती.”

आणि हे अगदी खरं होतं.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. नाव घेतल्यानं तिला काही फरक पडत नाही आणि मला पडतो. अक्का सुट्टीला आली की ओट्यावर पाय सोडून मला त्या कंपनीची गोष्ट सांगायची, आजीनं राजाची सांगावी तशी. समुद्रापलीकडं चार-पाच जणांनी भाड्याच्या जागेत ती काढली. पहिली चिप केली ती टीव्हीच्या केबलसाठी. चित्राचे आकडे करायचे, आकडे तारेतून पाठवायचे, पलीकडं आकड्यांचं परत चित्र. मग त्यांच्या ध्यानात आलं की त्याच केबलीतून इंटरनेटही जाईल. मग टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेतून. मग हापिसातले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या चिपा, मग बिनतारी, मग काचेच्या तारेसाठी. घरात येणारा प्रत्येक डबा उघडला की आत हीच काळी चिप, असं त्यांना करायचं होतं. जे स्वतः करता आलं नाही ते करणाऱ्या छोट्या कंपन्या त्यांनी गिळल्या. हैदराबादेतलं अक्काचं ऑफिस ही अशीच एक गिळलेली कंपनी होती.

“म्हणजे तू पोटात हायस,” मी म्हणायची.

“पोटात हाय म्हणून तर उबेला हाय,” ती म्हणायची.

पगार सुरू झाल्यावर तिनं घरी ब्रॉडबँड घेतलं, आणि एक पांढरा डबा पाठवून दिला. त्याच्या आत तिच्या गटानं केलेली चिप होती. त्या चिपेतला एक कोपरा अक्काचा.

डबा चालू केला की लगेच काही होत नसे. एक हिरवा दिवा लुकलुकत राही. मला वाटायचं बिघडला. अक्का फोनवरून ओरडायची, “हात लावू नको त्याला! ऐकायलाय तो.”

तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते मला अजून कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा बरं वाटतं. एकाच तारेचे तो शेकडो बारीक पदर करतो. प्रत्येक पदरावर किती गोंगाट आहे ते ऐकतो. जिथं शांतता आहे तिथून जास्त बोलतो, जिथं गोंगाट आहे तिथं गप्प बसतो. एक्सचेंजमधलं यंत्र तिकडून ऐकतं, हा इकडून. दोघांचं जमलं की दिवा स्थिर. हे ऐकण्याचं काम म्हणजे अक्काचा कोपरा.

“पहिले ऐकायचं, मंग बोलायचं,” ती म्हणाली. “तुझ्या उलट.”

आणि गोंगाट कशाचा? आमचाच. परभणीच्या रेडिओ केंद्राचा आवाज तारेत शिरायचा, कारण एवढी लांब तार म्हणजे आयती एरियलच. शेतातल्या मोटारींना वीज आली की शिवारभर घरघर सुटायची, ती शिरायची. पिठाची गिरणी, शाळेचा भोंगा, चौकातल्या वेल्डिंगवाल्याची ठिणगी, पाऊस पडला की जोडात गेलेलं पाणी. अक्का हैदराबादेतून आमच्या डब्यात डोकावायची, तशी सोय तिनं करून ठेवली होती, आणि फोन करून सांगायची:

“आज गिरणी बंद हाय का गं?”

“हो. पट्टा तुटला. तुला कसं कळलं?”

“तो पदर मोकळा दिसायलाय.”

सोयाबीन काढणीच्या दिवसांत, कापसाच्या गाड्या भरायच्या दिवसांत, मोटारी बंद असलेल्या भर पावसाळ्यात तिला तिथं बसून गाव दिसायचं. दिसायचं म्हणजे गाव कुठं कुठं गप्प आहे ते दिसायचं. आई तर म्हणायची, पत्र नको, फोन नको, पोरीला समदं कळतंय.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. शेतकऱ्याचा विळा-कोयता, शिंप्याचं मशीन, आमच्या घरात आईची खडूपेटी आणि पुस्तकं. त्या वर्षी आईनं डब्यालाही पाटावर बसवलं. लेकीचं हत्यार ते. पाण्यात कालवलेलं हळदीकुंकू तिनं बोटानं नाही, चांगलं पळीनं वाहिलं. वर झेंडूचं फूल, पुढं नैवेद्य. डबा गरम होऊ नये म्हणून त्याला वरून बारीक फटी असतात, हे तिला कोण सांगणार? कुंकवाचं पाणी फटीतून आत गेलं. दिवे विझले. एक जळका, गोड वास आला, कापूर आणि प्लास्टिक एकत्र जळावं तसा.

दसऱ्याला अक्का आपटा घेऊन आली ती नवा डबा काखेत मारून.

“आई, हत्यार पुजलंस का बळी दिलास?”

“मला काय ठाऊक त्याला नाकं असतेत! कान म्हणाली होतीस तू.”

अक्का हसून हसून जमिनीवर बसली. मग तिनं मेलेला डबा स्क्रू काढून उघडला. हिरव्या पाटीवर लाल-पिवळे ओघळ, आणि मधोमध अंगठ्याच्या नखाएवढा काळा चौकोन. त्यावर करड्या अक्षरांत कंपनीचं नाव. आईनं चष्मा पुसून पुसून पाहिलं.

“ह्याच्यात तू कुठं हायस?”

अक्कानं कानातलं काढलं आणि त्याच्या काडीच्या टोकानं एक कोपरा दाखवला. “इथं. साधारण.”

आईनं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

यापुढं काय झालं ते मी सरळ सांगते. मोठ्यानं छोट्याला गिळायचं, मग त्याहून मोठ्यानं त्याला. त्या कंपनीलाही शेवटी कुणीतरी विकत घेतलं. नव्या मालकांनी हिशेब मांडला की तांब्याच्या तारेत आता राम नाही. ऐकणाऱ्यांचा गट बंद. एका सकाळी ऑफिसचं दार उघडायचं अक्काचं कार्ड चालेना. ज्या दिवशी त्यांनी तिला घरी पाठवलं, त्या दिवशी तिचा कोपरा जगभर किती घरांत ऐकत बसला होता, कुणी मोजलंय? तो कोपरा मालकाचा. कान विकत घेतले, ऐकणारी फेकून दिली. यावर मी पत्रक लिहू शकते. लिहिलंही होतं. फाडलं, कारण खाली कुणाच्या नावानं घोषणा द्यायची तेच सुचेना.

अक्का घरी आली. ओट्यावर बसायची, गोष्ट सांगायची नाही. आणि त्याच पावसाळ्यात ती आमच्यातून उठून गेली. कशानं, ते मी लिहिणार नाही. त्या दिवसांतलं मला नीट आठवतं ते एवढंच की घरात माणसं मावत नव्हती, आणि कोपऱ्यात तो दिवा हिरवा, स्थिर, काही झालंच नसल्यासारखा.

मग एक्सचेंज आटत गेलं. गावात मोबाईल आले, जोडण्या कटल्या, गफूरमामा निवृत्त झाले, थंड करणारं यंत्र कुणीतरी उचलून नेलं. खोलीमागच्या लोखंडी पेटीत एक छोटं यंत्र ठेवून त्याला उरलेल्या दोन-चार तारा जोडल्या होत्या, त्यातली एक आमची. आई बिल भरत राहिली. इंटरनेट ती वापरत नव्हती. दिवेलागणीला देवाजवळ निरांजन लावलं की ती डब्याचं बटण बंद करून परत चालू करायची आणि समोर पाट घेऊन बसायची. दिवा लुकलुकायचा.

“आई, जेवायचं का?”

“थांब. ऐकायलीय.”

मी एकदाच विचारलं, कोण? तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. दिवा स्थिर झाला की ती उठायची, गुडघ्यावर हात टेकून, आणि भाकरी टाकायला जायची. त्या घरात मला झोप लागायची नाही. कुणीतरी आपल्या घराचा एकेक पदर हातात घेऊन तपासतंय, इथं गोंगाट, इथं शांतता, इथं आता कुणीच नाही, असं वाटायचं. मी परभणीला खोली केली त्याचं कारण संघटनेचं काम असं मी सगळ्यांना सांगते.

आता काचेची तार. ती मी मागितली आणि का मागितली तेही सांगते. आमच्या आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर डॉक्टरांशी बोलायला देवळाच्या ओट्यावर चढते, कारण रेंज तिथंच येते. बाळंतीण खाली खाटेवर, सिस्टर वर ओट्यावर, आणि मध्ये ओरडाओरडा. याला तुम्ही डिजिटल म्हणा, मी याला लाज म्हणते. तर ठेकेदाराची माणसं आली, पाहणी केली, आणि म्हणाली: केबल उपकेंद्राकडं नेण्याची वाट तुमच्याच अंगणातून. जुना खांब गंजलाय, तो काढून नवा उभा करू. जुनी तांब्याची तार उतरली की ती परत कुणी जोडणार नाही. खांब काढू देत नसाल तर तसं सांगा, आमची पुढच्या गावाची गाडी भरून तयार आहे.

आईनं मला फोनवर सांगितलं, “माझ्या दारातला खांब सोडून काय पण कर.”

म्हणून मी आले होते. आईला समजवायला. आयुष्यात मी तहसीलदाराला समजवलंय, पण घराच्या फाटकाशी पोचेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं.

अंगणात ठेकेदाराचा माणूस किरण, त्याचे दोन मजूर, आणि खांबाला टेकून गफूरमामा. दाढी पांढरी झालेली. बोलावलं कुणीच नव्हतं, पण तारेचं काम असल्यावर त्यांना घरी बसवत नाही.

“आली बघा पुढारीण,” ते म्हणाले. “बेटा, तू मागितलीस ती चीज आली. आता मायला सांग.”

आई दारात उभी होती. मी तयार करून आणलेली वाक्यं एकेक आठवत होते. सिस्टर, बाळंतिणी, पुढची पिढी. तोंड उघडणार तेवढ्यात आईच म्हणाली,

“सकाळी मी उपकेंद्रात गेले होते. बीपी बघाया.”

“मग?”

“मग काय! सिस्टर ओट्यावर चढून माझे आकडे ओरडायली. डॉक्टर म्हणायलाय, ऐकू येईना. ती परत ओरडायली. समद्या बाजाराला माझं बीपी पाठ झालं. दादला नसलेल्या बाईला कशाचं टेन्शन म्हणून पानवाला विचारायलाय.”

गफूरमामांना हसू आवरेना. आईला नाही आलं.

“माझं जाऊ द्या,” ती म्हणाली. “पण एखाद्या पोरीचं काही असंच ओरडून सांगायची वेळ आली, आन् तिकडं ऐकायलाच कुणी नसलं तर?” ती किरणकडं वळली. “काढा खांब.”

किरणनं मजुरांना खूण केली. एकानं शिडी लावली. आणि शिडीला आडवी मी उभी होते. खांबाला पाठ लावून, दोन्ही हात मागं. कधी जाऊन उभी राहिले मलाच कळलं नाही. रस्ता रोको करताना मी अशीच उभी राहते, पण तेव्हा तोंडात घोषणा असते.

“ताई, सरका की,” मजूर म्हणाला.

“दहा मिनिटं थांबा.”

“कशापायी?”

पाठीला खांबाचं ऊन लागत होतं. त्याच्या आतून बारीक थरथर जाणवत होती, कुठली तरी मोटार चालू असावी. वर ती काळी तार, तिच्यावर होला-पारव्यांची शीट, तिचं एक टोक घरात, आणि घरात तो दिवा. ही तार गेली की आमच्या गावाचा गोंगाट ऐकणारं कुणी उरत नाही. काचेत रेडिओ शिरत नाही. काचेत मोटारीची घरघर शिरत नाही, पावसाचं पाणी जोडात जाऊन कुरकुरत नाही. काचेच्या तारेला गाव लागतच नाही. किती चांगली गोष्ट आहे ही! मीच लिहिलंय पत्रकात, मोठ्या अक्षरांत.

आई पायऱ्या उतरून आली. माझा दंड धरला.

“तहसीलीसमोर बसलीस तवा मी काय म्हणलं होतं तुला? बस, म्हणलं. डबा बांधून दिला. आता तुझीच तार आली तर तूच आडवी व्हायलीस?”

“आई, ती...”

“सर बाजूला.”

मी सरले.

मजुरानं पकड लावली. आवाज एवढुसा झाला, वाळलेली काडी मोडावी तसा. तार खाली आली, धुळीत वळवळली आणि पडून राहिली. गफूरमामांनी ती उचलली, तळवा ते कोपर अशी हातावर गुंडाळायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. सवय. आई त्यांच्या हाताकडं बघत होती. घरात जाऊन दिवा बघायची हिंमत आमच्यातल्या एकीलाही झाली नाही.

नवा खांब उभा करून, माती ठोकून झाली तोवर सावल्या लांबल्या होत्या. किरणनं पाणी प्यायलं, रुमालानं तोंड पुसलं आणि मोबाईल काढला.

“मावशी, खांबासाठी जागा दिली म्हणून तुमच्या घराला पहिलं कनेक्शन. जुनं वैशाली या नावानं दिसायलंय. तेच नाव चालवू?”

“तेच चालव,” आई म्हणाली. पटकन.

“मग त्यांना बोलवा बाहेर. फोटो काढावा लागतोय. साधा न्हाई चालत, जिवंत माणसाचाच लागतोय. कॅमेऱ्यासमोर पापणी लववायची, मंगच पुढं जातंय.”

गफूरमामांच्या हातातलं वेटोळं थांबलं. किरण बिचारा बाहेरगावचा. तो दाराकडं बघत राहिला, आतून कुणीतरी पदर सावरत येईल म्हणून. मीही बघत होते. खोटं कशाला बोलू?

“ती न्हाई येणार,” आई म्हणाली. मग वर्गात शिकवताना बोलायची त्या आवाजात, “ती वारली.”

इतक्या वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

“हिच्या नावावर कर,” आईनं मला पुढं केलं. “ही धाकटी.”

किरण ओशाळला. मोबाईल खाली घेतला, परत वर घेतला. आई पुढं झाली, माझ्या कपाळावर चिकटलेले केस तिनं मागं सारले, ओढणी नीट केली आणि फोटोच्या चौकटीतून बाहेर सरकली.

“सरळ बघा, ताई,” किरण म्हणाला. “हां. आता पापणी लववा.”

मी बघत राहिले.

“लववा की, ताई. पुढं जाईना ते.”

मी डोळे मिटले. उघडायला मला वेळ लागला.